वाफेचं पाणी परत जमिनीत

अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी बॉयलर सांभाळायचो. घर नांदगाव खंडेश्वरला, राहणं बॉयलरमागच्या पत्र्याच्या खोलीत. आदल्याच वर्षी आम्ही बौद्ध झालो होतो. जेवणाच्या सुट्टीत सगळे लिंबाखाली बसायचे, मी कोळशाच्या ढिगाशेजारी. ये म्हणणारं कोणी नव्हतं. विहिरीचं पाणीही मला वरूनच ओतून मिळायचं.

त्या साली मार्चमध्येच विहीर आटू लागली. पाणी नाही तर वाफ नाही, आणि वाफ नाही तर रुईच्या गाठी बांधणारा प्रेस बंद. इंजिनातून निघालेली वाफ थंड होऊन तिचं पाणी नालीतून वाहून जायचं. मी मॅनेजरसाहेबांना म्हणालो, "हे पानी परत इहिरीत सोडलं तं?"

मुकादम तिथंच उभा होता. "कावून? आमी पेतो ते पानी. याच्या हातचं त्यात जाईन तं आमी काय करावं?"

साहेब कागदात बघत राहिले. "राहू द्या ते," एवढंच म्हणाले.

विहिरीपासून तीसेक पावलांवर पार मुरुमापर्यंत खणून सोडून दिलेला एक खड्डा होता. रविवारी प्रेस बंद असताना मी एकट्यानं नालीपासून तिथवर चर खणला. तेल अडावं म्हणून मध्ये वाळू आणि टाकाऊ कापूस भरला. हाताला फोड आले. सोमवारपासून पाणी खड्ड्यात पडून मुरुमातून विहिरीकडे झिरपू लागलं. चिखल नको म्हणून मी ते दूर नेलं, असं मुकादमाला वाटलं. साहेबांना कळलं असावं; त्यांनी चर बुजवायला लावला नाही.

पंधरवड्यात विहीर उतरायची थांबली. हंगाम संपेपर्यंत वाफ कमी पडली नाही.

एका दुपारी मुकादम विहिरीवर ओंजळीनं पाणी पीत होता. मला म्हणाला, "टिकली बा इहीर यंदा. झरा जिता हाय."

"हाव," मी म्हणालो. सांगावंसं फार वाटलं. पण त्यानं तोंडातलं पाणी थुंकलेलं मला बघवलं नसतं.

मे महिन्यात गावी गेलो. आईनं हातावरचे फोडांचे वण बघितले आणि मी तिला सगळं सांगितलं.

"एवढं केलं अन कोनाले सांगतलं नाई?"

"कोनाले सांगू, माय?"

तिनं माझ्या हातांना तेल लावलं. पुढच्या हंगामाला मी पुन्हा अकोल्याला गेलो. चरात गाळ साचला होता, तो काढायला मीच होतो.