भाऊजींचा कान आणि दोन वायरी

आमचे भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, पाणीपुरवठा खात्यात गळती शोधायच्या कामावर आहेत. लोखंडी दांड्याचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि खाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. खात्यात त्यांना कानसेन म्हणतात. हे नाव कुणीतरी चेष्टेने दिलं असावं असा मला संशय आहे, पण भाऊजींनी ते पदवीसारखं घेतलं. कान तिखट आहे, हे मी नाकारत नाही. स्वयंपाकघरातला नळ नीट बंद झाला नाही तर बाहेरच्या खोलीतून हाक येते. तो बंद करायला मात्र ते स्वतः कधी उठलेले नाहीत.

अशा माणसाने होम थिएटर घेतलं की ते नुसतं जोडून मोकळं होता येत नाही. टीव्हीचा आवाज अॅम्प्लिफायरपर्यंत न्यायचा कसा, यावर आमच्या घरात महिनाभर खल चालला. एक वाट जुन्या लाल-पांढऱ्या पिनांची, अॅनालॉग. दुसरी बारीक काळ्या वायरीची, डिजिटल. तिच्यातून म्हणे आवाज उजेड होऊन जातो. भाऊजी खुर्चीत डोळे मिटून बसणार आणि माझा नवरा टीव्हीमागे वाकून वायरी बदलणार. तेवढ्यात कुणी भांडं वाजवायचं नाही, खोकायचं नाही. शेवटी डिजिटल जिंकलं. अॅनालॉगमध्ये मागे बारीक खरखर आहे, असं भाऊजींनी जाहीर केलं. ती आम्हाला कुणालाच ऐकू आली नव्हती. तरी आम्ही माना डोलावल्या, कारण मला चहा ठेवायचा होता.

काळी वायर लागली आणि आठवडाभरात सासूबाई बाहेरच्या खोलीत येईनाशा झाल्या. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. संध्याकाळच्या मालिकेचा अर्धा तास हा दिवसातला एकच वेळ, जेव्हा सगळं घर त्यांच्या आजूबाजूला असतं. तोही सोडून त्या आत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. मला ते बघवेना. खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, टीव्हीतली माणसं हल्ली खोटी वाटतात; तोंड आधी हलतं, शब्द मागून येतात. मी टीव्हीसमोर बसून निरखून पाहिलं. पापणी लवायला लागतो तेवढाच, पण उशीर होता खरा. त्या वायरीतून आलेला आवाज उलगडून घ्यायला यंत्राला तेवढा वेळ लागत असावा.

भाऊजींना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, ऐकलं आणि उशीर नाही असा निकाल दिला. डोळे मिटल्यावर तोंडं कशी दिसणार, असं मी म्हटलं, तर आवाज कानाने ऐकायचा असतो, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मी कपाळाला हात लावला. आणि आईला जरा कमी ऐकू येतं, तिला कुठे फरक कळतो, हेही वर झालंच. मग मात्र मी हट्टाला पेटले. सासूबाई बाहेर येऊन बसेपर्यंत टीव्ही लागणार नाही, असं सांगून टाकलं. दोन दिवस घरात शांतता. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून भाऊजींनी आईलाच परीक्षेला बसवलं.

खुर्चीसमोर उभं राहून त्यांनी आईला नियम सांगितले: डोळे मिटायचे, दोन्ही वायरींवर ऐकायचं, बरी कुठली ते सांगायचं. सासूबाईंनी शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले. दुपारी मालिकेचा भाग पुन्हा दाखवतात, तो सुरू झाला. पडद्यावर एक बाप मुलीची समजूत घालत होता. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येत होता.

मिनिटभराने भाऊजींनी मागून विचारलं, आई, कसं वाटतंय. सासूबाई गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं, मग जरा मोठ्याने विचारलं. सासूबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोळे घट्ट मिटून तशाच बसल्या होत्या. शेवटी त्या आपणहून बोलल्या.

"नुसतं घुमतंय रे. माणसं बोलायला कधी लागणार?"

माझ्या नवऱ्याने टीव्ही बंद केला. भाऊजी पुढे येऊन आईच्या गुडघ्याशी जमिनीवर बसले आणि तिच्या हातावर हात ठेवला. तेव्हा सासूबाईंनी डोळे उघडले.

"आई, असं कधीपासून आहे?"

सासूबाई त्यांच्या ओठांकडे बघत होत्या. इतकी वर्षं मला वाटायचं, त्या मायेने आमच्या तोंडाकडे बघत राहतात.

"झाली की सात-आठ वर्षं," त्या म्हणाल्या. "समोर बसून बोललं की मला सगळं कळतं. तू बसत नाहीस, म्हणून तुला कळलं नाही."