दहा माणसांची बाटली

विषय: कोरोनाच्या काळात आमच्या दवाखान्यातील कर्मचाऱ्यांनी लस घेणे व न घेणे याबाबत.
संदर्भ: स्टाफरूममधील चर्चा, तोंडी.

उपरोक्त विषयान्वये सांगतो की, मी या दवाखान्यात बाबू होतो. आता रिटायर झालो आहे. असे किस्से जुन्या फायलींसारखे साचत जातात. कुणी मागवत नाही आणि कुणी फाडूही देत नाही. दवाखाना मूल गावाच्या पुढे, जंगलाला लागून. नाव सांगत नाही. स्वतःची बदनामी करायला तो समर्थ आहे.

* * *

पहिल्या दिवशी दारावर फुगे, रांगोळी, रिबीन! लसीच्या एका बाटलीत दहा डोस. एकदा फोडली की काही तासांत संपवायची, उरलेले फेकायचे, आणि फेकले की वर खुलासा द्यायचा. म्हणून तोंडी हुकूम आला: दहा माणसं जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही.

आमच्या साहेबांनी, म्हणजे मुख्य डॉक्टरांनी, लसीवर इतकं सुंदर भाषण दिलं की मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. मग खुर्ची पुढे करून म्हणालो, "साहेब, पहिला मान तुमचा."

"छे छे! जहाजावरून कप्तान सगळ्यात शेवटी उतरतो!"

"साहेब, इथं उतरायचं नाही, चढायचं आहे."

साहेबांना एकदम मीटिंग आठवली. त्या दिवशी माणसं जमली तीन. संध्याकाळपर्यंत फुगे आपोआप फुटले. बाटली फुटली नाही.

* * *

आमचे फार्मासिस्ट वामनभाऊ. लाईट गेली की लसीच्या पेटीत बर्फ भरायला असे धावायचे, जणू घरचं लेकरू तापानं फणफणलंय. स्वतःची पाळी आली तेव्हा म्हणाले, "मले एलर्जी आहे."

"कायची?" लस टोचणाऱ्या लताबाई सिस्टरनी विचारलं.

"ते अजून मालूम नाई. पण राहू शकते ना!"

* * *

बाळंतिणींच्या वॉर्डातल्या सुमनबाई सिस्टर. अर्ध्या तालुक्याची लेकरं त्यांनी टोचली. सुई पाहून हात पदरात लपवला.

लताबाई चिडल्या. "लेकरायले टोचताना तर म्हणता, मुंगी चावल्यावानी लागते!"

"मंग! त्यायले कुठी बोलता येते!"

* * *

पहिल्या दिवशीच्या तिघांत मी एक. त्यात शौर्य काही नव्हतं; पेन्शन सुरू व्हायच्या आत जायची इच्छा नव्हती, एवढंच. दुसऱ्या लताबाई. तिसरा सोमा.

सोमा कोविड वॉर्डात अटेंडंट होता. पेशंटला उचलायचं, कुशीवर करायचं, आणि वेळ आलीच तर प्लास्टिकमध्ये बांधायचं. त्याचं गाव धानोऱ्याकडच्या जंगलात. गावानं रस्त्यावर बांबू आडवा टाकला होता: दवाखान्याचा माणूस स्वतः लस टोचून घेतल्यावरच आत येईल. सोमा सुटीच्या दिवशी जायचा, बांबूखालून बिस्किटाचा पुडा आत सरकवायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. मग त्याची पोरगी येऊन पुडा उचलायची.

"काही बोलते का रे पोरगी?" मी विचारलं.

"पहिले बाबा म्हणे. आता दवाखानावाला म्हणते, भाऊ!"

तो हसला. आम्हीही हसलो.

* * *

रोज सोमा बाही वर करूनच यायचा. "बाई, आज किती झाले?"

"पाच."

"मंग उद्या येतो." बाही खाली.

एक दिवस नऊ झाले! दहावा शोधायला सोमा दवाखानाभर पळाला. साहेब दौऱ्यावर. सुमनबाई रजेवर. वामनभाऊ औषधांच्या खोलीत, आतून कडी.

"वामनभाऊ, या ना बाहेर! एकच माणूस कमी आहे!"

"मी स्टॉक मोजून राह्यलो!"

पाच वाजले. नऊ जण घरी गेले. बाटली पुन्हा फ्रीजमध्ये गेली.

* * *

"भाऊ, एक अर्ज लिहून द्या ना," सोमा म्हणाला. मी लिहिला: 'एका कर्मचाऱ्यासाठी बाटली फोडण्याची परवानगी मिळणेबाबत.'

साहेबांनी वाचला. "नऊ डोस वाया गेले तर खुलासा कोण देईल?" मग शेरा मारला: 'मार्गदर्शनासाठी वर सादर.' अर्ज वर गेला. सोमा वॉर्डात गेला.

थोड्याच दिवसांत त्याच वॉर्डात तो खाटेवर होता. लताबाई दिसल्या तेव्हा मास्कच्या आतून त्यानं विचारलं, "बाई, आज किती झाले?"



तो गेला तेव्हा त्याला बांधायला हात बसलेला माणूस मिळेना. तसा माणूस सोमाच होता.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. सगळ्यात पुढे साहेब, मागे सुमनबाई. लताबाईंनी बाटली फोडली. दहा झाले. अकरावे वामनभाऊ, बाही वर करून.

"संपली," लताबाई म्हणाल्या. "आता आणखी नऊ आणा."

वामनभाऊ माझ्याकडे वळले. "बाबू, एकट्यासाठी फोडता नाई येत का?"

मी सांगितलं, त्याबाबत वर मार्गदर्शन मागवलं आहे.

सदर अर्ज अद्याप प्रलंबित आहे.