हिरडी वाढत नसते

दवाखान्याच्या मागच्या खोलीत दुसऱ्यांचे दात घडवण्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. पुढे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घ्यायचे, ते माप मधल्या खिडकीतून आत यायचं, ती त्यात प्लास्टर ओतायची, आणि तासाभराने कुणाचा तरी जबडा तिच्या हातात असायचा. पेशंटचा चेहरा क्वचितच दिसे. पण प्लास्टरवरून अंगठा फिरवला की हा माणूस एकाच बाजूने चावतो, ही बाई झोपेत दात खाते, ह्याची दाढ निघून दहा वर्षं झाली, हे ती बिनचूक सांगे. दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत. थोरले डॉक्टर तिच्या शब्दाबाहेर नसत. ते गेल्यावर त्यांचा मुलगा खुर्चीवर बसला. तो हुशार होता, पण सदा घाईत.

मावशीची नणंद तिच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. मावशीच्या नवऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली, आता घरी शिकवण्या घेणारी. जीभ अशी की समोरच्याची दातखिळी बसावी. दोघींचं हाडवैर नव्हतं, पण गळ्यात गळाही नव्हता. एका जिन्याने वर-खाली राहून दोघी एकमेकींना तीस वर्षं सांभाळून होत्या.

वरच्या उजव्या बाजूच्या दोन दाढा नणंदेने एकाच वर्षात गमावल्या. घास त्या बाजूला जाईना, तेव्हा ती आपणहून खाली आली.

"तीन रस्ते आहेत, ताई," मावशी म्हणाली. "एक, काढता-घालता येईल अशी प्लेट. दुसरा ब्रिज. म्हणजे पुढचा-मागचा दात घासून बारीक करायचा, त्यांवर टोप्या बसवायच्या आणि मधले दोन दात त्यांना जोडून टाकायचे. तिसरा स्क्रूचा. हाडात स्क्रू बसवून तीन-चार महिने थांबायचं, मग वर दात. तो सगळ्यात पक्का."

"पडक्या घरासाठी शेजारच्या दोन चांगल्या घरांच्या भिंती तासायच्या? नको. आणि हाडात भोक तर मुळीच नको. तू कर प्लेट. निदान चुकली तर कुणाला बोलायचं ते ठाऊक आहे."

प्लेट झाली. पहिल्याच दिवशी अशी बसली की नणंदेलाही खोट काढता आली नाही. हेच तिचं कौतुक, असं मावशीने समजून घेतलं.

पाच महिन्यांनी नणंद म्हणाली, "तुझी प्लेट रुततेय."

मावशीने बघितलं. प्लेटच्या आतल्या बाजूला, टाळूकडे, रुतत होतं खरं. तिने यंत्रावर तेवढी जागा घासून दिली. नणंदेला बरं वाटलं. सहा आठवड्यांनी पुन्हा तीच तक्रार, पुन्हा तीच जागा. मावशीने पुन्हा घासलं.

"मापच चुकलंय तुझं," नणंद म्हणाली. "वय झालं हो हातांचं."

हे मावशीला लागलं. ती दोन दिवस वर गेली नाही. तिसऱ्या दिवशी गेली, तर नणंद रुमाल धूत होती, आणि पाण्याला गुलाबी झाक होती.

"नाकातून येतं कधी कधी," नणंद म्हणाली. "उजवी नाकपुडी चोंदलेली असते. हवा बदललीय ना."

हवा बदलून दोन महिने झाले होते. मावशीच्या मनात पाल चुकचुकली, पण सर्दी म्हणजे सर्दी, असं म्हणून तिने ती हुसकावली.

पुढच्या महिन्यात दाढांच्या पुढचा, चांगला धडधाकट दात हलायला लागला. डॉक्टरने बोटाने हलवून पाहिलं आणि म्हणाला, "हा काढू. नवं माप घेतो, मावशी प्लेटमध्ये एक दात वाढवून देतील." नणंद बाहेर गेली आणि माप खिडकीतून आत आलं.

मावशीने प्लास्टर ओतलं. सुकल्यावर सवयीने जुनी प्लेट नव्या जबड्यावर ठेवली. ती बसली नाही. एका टोकावर बोट टेकवलं की दुसरं टोक वर उठे. दोनदा घासलेली प्लेट सैल व्हायला हवी होती, पण ती मध्येच कशावर तरी अडून डुगडुगत होती.

ती उठली. जुने साचे कपाटात नंबर घालून ठेवायची थोरल्या डॉक्टरांपासूनची पद्धत होती. आठ महिन्यांपूर्वीचा नणंदेचा जबडा काढून तिने नव्याच्या शेजारी ठेवला आणि मोजपट्टीने दोन्हींची रुंदी घेतली. उजवीकडे नवा साडेचार मिलिमीटरने जास्त भरला. तिने पुन्हा मोजलं. फरक तोच.

दात गेला की त्याखालचं हाड खंगत जातं. वापर नसलेल्या खोलीसारखं ते आत बसतं, हिरडी उतरते, आणि म्हणून कवळ्या काही वर्षांनी सैल होतात. सव्वीस वर्षांत तिने हजारो जबडे पाहिले होते, आणि सगळे खंगलेले होते. रिकामी हिरडी वाढलेली तिने कधी पाहिली नव्हती. आणि ही वाढ नेमकी प्लेटच्या आड, टाळूच्या बाजूने आली होती. प्लेटने अडवलं तेव्हा मावशीने दोनदा प्लेट घासली होती. म्हणजे जे वाढत होतं त्याला तिनेच आपल्या हाताने जागा करून दिली होती.

दोन्ही साचे घेऊन ती पुढच्या खोलीत गेली.

"सूज असेल," डॉक्टर म्हणाला. "दात हलतोय म्हणजे जंतू आहेत. गोळ्या देतो. तुम्ही प्लेट करायला घ्या."

"ही प्लेट मी करणार नाही."

तो वळून बघायला लागला. मावशीने आजवर कामाला नाही म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं.

"मावशी, तपासायचं काम माझं आहे."

"आहे ना. मग तपासा. डोळे मिटा आणि दोन्हींवरून बोट फिरवा."

त्याने कंटाळून बोट फिरवलं. जुन्यावरून, मग नव्यावरून. नव्यावर त्याचं बोट थांबलं. मग त्याने डोळे उघडले आणि फोन उचलून मोठ्या इस्पितळातल्या सर्जनबाईंचा नंबर लावला.

गाठ वरच्या जबड्याच्या, नाकालगतच्या पोकळीतली होती. तपासणीसाठी तुकडा काढला आणि आठ दिवसांत कॅन्सर असल्याचा कागद आला. तो नणंदेने स्वतः वाचला, घडी केली आणि मावशीला विचारलं, "तुला केव्हा कळलं?"

"दुसरं माप आलं तेव्हा."

"आणि घासत होतीस तेव्हा?"

"तेव्हा कळायला हवं होतं, ताई."

जिना चढताना नणंदेने कठड्याला हात लावला. एरवी ती लावत नसे.

वरचा उजवा जबडा टाळूसकट काढावा लागणार होता. त्याने तोंड आणि नाक यांच्यामध्ये भगदाड पडतं. ते झाकायला ऑपरेशनच्या टेबलावरच एक प्लेट बसवतात, आणि ती आधी तयार लागते. सर्जनबाईंनी नव्या साच्यावर पेन्सिलने रेघ मारून पाठवली. रेघेपलीकडचं सगळं जाणार होतं. मावशीने ते प्लास्टर त्या रेघेवर कापायचं आणि उरलेल्यावर प्लेट घडवायची.

करवत हातात घेऊन ती खूप वेळ बसली. प्लास्टर कापताना तिला आजवर काही वाटलं नव्हतं. आज करवतीचा पहिला फेरा गेला आणि पांढरी धूळ उडाली, तशी तिने तोंड फिरवलं. मग पुन्हा वळली, कारण रेघ चुकून चालणार नव्हती. कापलेला तुकडा टेबलावर पडला. हे काम तिने दुसऱ्या कुणाकडे दिलं नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी प्लेट स्वतः नेऊन दिली.

नणंद वाचली. प्लेट नसली की पाणी नाकातून येई, आणि बोलणं बंद माठात बोलल्यासारखं घुमे. प्लेट लावली की शब्द जागेवर येत. जखम आकसेल तशी मावशी नवी प्लेट करी. वजन कमी राहावं म्हणून त्या बाजूला दात लावत नसत. नणंद पुन्हा शिकवण्या घ्यायला लागली. मुलं आधी तिच्या गालाकडे टक लावून बघत, मग गणिताकडे बघत. मापच चुकलंय तुझं, असं ती मावशीला पुन्हा कधी म्हणाली नाही.

दीड वर्षाने डोळ्याखाली पुन्हा सूज आली. या वेळी सर्जनबाईंनी पेन्सिल हातात घेतली नाही. त्या म्हणाल्या, "त्रास कमी ठेवू." नणंदेने मान हलवली. अर्थ तिला लगेच कळला होता.

त्यानंतरच्या चार महिन्यांत मावशीने तीन प्लेटा केल्या. भगदाडाच्या कडा दर वेळी सरकलेल्या असत. ती आकडे वहीत लिही आणि वही मिटून ठेवी. चौथं माप घ्यायला ती वर गेली, तेव्हा नणंद उशीला टेकून बसली होती. गाल एका बाजूला ओढला गेला होता.

"या वेळी दात लाव," नणंद म्हणाली.

"त्यांनी चावता नाही येणार, ताई. वजनही होईल."

"चावायचंय कुणाला? खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. सगळे भेटायला येतायत. रिकाम्या तोंडाने किती जणांशी बोलू?"

मावशीने माप घेतलं. खाली येऊन रंगपट्टीवरून नणंदेच्या उरलेल्या दातांच्या रंगाचे तीन दात निवडले, किंचित पिवळसर. त्यातल्या एकाची कड तिने मुद्दाम थोडी झिजवली, खऱ्या दाताची झिजते तशी. मेणावर ते बसवायला तिला दोन दिवस लागले. ओळ सरळ आली.

नणंदेने आरशात बघितलं, जिभेने एकेक दात चाचपला.

"बसली," ती म्हणाली.

ती प्लेट तिने अकरा दिवस वापरली.