फुलेश्वरीच्या नावापुढची हिरवी टिकली

हे मी कोणाले सांगितलं नाही. नवऱ्याले नाही, बहिणीले नाही, शाळेत इतकी वर्षं बाजूच्या खुर्चीवर बसणाऱ्या तिवारी मॅडमलेही नाही. अन् आज सांगून राहिली तं मान खाली घालून सांगणार नाही — ते आधीच बोलून ठेवते. रडत-बिडत सांगणाऱ्या बाया मले आवडत नाहीत. रडलं की समोरचा पाणी आणून देते, पाठीवरून हात फिरवते, अन् मूळ गोष्ट राहून जाते. मले पाणी नको. बसा अन् ऐका.

मी शाळेत शिकवते. घर रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात, शाळा शहराबाहेर बीरगांवले. रोज स्कूटीनं जाते, उरल्याच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या ट्रकांमागची धूळ खात. शाळा खाजगी, पण नावालेच खाजगी — पोट्टे सगळे कारखान्यांतल्या मजुरांचे. मी पाचवीले हिंदी शिकवते. मराठी बाई रायपुरात हिंदी शिकवते, याचं लोकायले फार नवल वाटते. आमच्या सात पिढ्या इथंच गेल्या, आता नवल कायचं?

एका वर्षी शाळेले कोणीतरी टॅबलेट दान दिले. त्यात वाचनाचं अ‍ॅप होतं. पोट्ट्यानं पडद्यावरचं पान मोठ्यानं वाचायचं, टॅबलेट ऐकते, तो आवाज साठवून ठेवते, अन् मग त्याच्या नावापुढे एक टिकली उमटते — लाल, पिवळी, नाहीतर हिरवी. हिरवी आली म्हणजे याले वाचता येते. प्रिन्सिपल सरांनी सत्राच्या सुरुवातीले आम्हा सगळ्यायले बसवलं अन् म्हटलं, टॅबलेट आले म्हणून उगाच हाताळत बसू नका. यातून पोट्ट्यायचं काय व्हायले पाहिजे, ते ज्यानं त्यानं ठरवा. लक्ष्य तुमचंच, आम्ही काही सांगणार नाही.

तिवारी मॅडमनं म्हटलं, मी हजेरी त्याच्यावर घेईन. गणिताच्या सरांनी म्हटलं, अधूनमधून एखादा व्हिडिओ दाखवीन. अन् एक नवी पोट्टी आली होती भिलाईहून, श्वेता मॅडम. तिनं म्हटलं, पोट्टे याच्यावर नेमकं काय करतात ते मी आधी दोन महिने पाहते, मग ठरवते. मले हसू आलं. म्हटलं, हिले काही येत नाही, म्हणून टाळून राहिली. त्या खोलीत अक्कल असलेली तेवढी एकच होती, पण ते कळायले मले फार उशीर लागला.

माझी पाळी आली. बाकीचे बसून बोलले होते, मी उभी राहिली. काहून उभी राहिली? त्या पोट्टीले दाखवायले, दुसरं काय. मी म्हटलं, पाचवीतलं एकही पोट्टं सुटणार नाही, वार्षिक परीक्षेच्या आत सगळ्यायच्या नावापुढे हिरवी टिकली. टाळ्या वाजल्या. सर म्हणाले, याले म्हणतात लक्ष्य.

हे नीट ध्यानात ठेवा. माझ्यावर कोणी काही लादलं नव्हतं. वरून हुकूम नव्हता, पगार कापणार नव्हते, कोणी डोळे वटारले नव्हते. "काय करतील बिचारे शिक्षक, त्यायच्यावर किती दबाव" — हे माझ्या बाबतीत कोणी बोलायचं नाही. तो दबाव मीच बनवला, अन् टाळ्यांसाठी बनवला.

दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग हिरवा झाला. संक्रांत येईपर्यंत चार-पाच पोट्टे उरले. त्यायले मी शेवटच्या तासाले वेगळं घेऊन बसायची, पाटी अन् जुनी गोष्टींची पुस्तकं घेऊन. त्यातली एक फुलेश्वरी. बाप रोलिंग मिलमध्ये, माय घरोघरी भांडे घासायची. पोट्टी दिसायले किरकोळ, वेणी नेहमी अर्धी सुटलेली. वाचताना ओळीखाली बोट ठेवायची अन् बोट पुढं सरकलं की आपल्याच तालात बोलायची.

आता तिचं वाचणं कसं होतं, ते सांगते. पडद्यावर लिहिलेलं असायचं — चिड़िया पेड़ पर बैठी है। फुलेश्वरी बोट ठेवून, हळू, एकेक शब्द पाहून म्हणायची, "चिरई रुख मा बइठे हे." पान हिंदीत, तोंड छत्तीसगढीत. घरी जे बोलते त्यातच ती वाचायची. टॅबलेट ऐकायचा अन् लाल टिकली द्यायचा. पुन्हा वाच म्हटलं की पुन्हा तसंच. पुन्हा लाल. ती माझ्याकडे पाहायची — काय चुकलं, असं.

काय चुकलं होतं सांगा? चिरई तिले दिसली, झाड दिसलं, बसलेली दिसली. वाचणं अजून काय असते?

अन् हे मले कळत नव्हतं असं समजू नका. उलट माझ्याइतकं कोणालेच कळत नव्हतं. कारण मी रोज दुपारी घरी तेच करायची. सासूबाईंची नजर गेलेली, त्यायले पेपर वाचून दाखवायची. पेपर हिंदी, अन् मी वाचायची मराठीत — डोळे हिंदीवर, तोंडातून मराठी, एका दमात. सासूबाई म्हणायच्या, किती छान वाचते वं तू. मले कोणी लाल टिकली दिली नाही. तेच काम ती अकरा वर्षांची पोट्टी करून राहिली होती, अन् मी टॅबलेटच्या बाजूनं उभी राहिली.

मले फक्त एकदा सरांच्या खोलीत जाऊन म्हणायचं होतं — माझं लक्ष्य चुकलं, हे यंत्र या पोट्ट्यायचं वाचणं ओळखत नाही, दुसऱ्या मापानं मोजू. बस, इतकंच. सर ऐकणारे होते. पण श्वेता मॅडमसमोर उभं राहून जे बोलली, ते परत घ्यायचं? माझ्यानं झालं नाही. घाबरली म्हणा. मी भित्री होती, अन् वर तोरा होता.

मग एका रविवारी मी टॅबलेट घरी आणला. घरात सांगितलं, शाळेचं काम आहे. माझी मुलगी मीनू तेव्हा सातवीत होती. हिंदी कशी, एकदम खणखणीत. मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच देते. तिले म्हटलं, ये बस, हे पान वाच. तिनं वाचलं. टिकली हिरवी. मग दुसऱ्या पोट्ट्याच्या नावावर, मग तिसऱ्या. फुलेश्वरीचं नाव आलं तेव्हा मीनूनं विचारलं, "आई, ये किसके नाम पे पढ़ रही हूँ मैं?" मी म्हटलं, तुले काय करायचं, तू वाच. तिनं माझ्याकडे पाहिलं अन् वाचलं.

अ‍ॅपनं विचारलं — पहिलं वाचन ठेवायचं की पुसायचं? मी पुसलं. एकेकाचं करत सगळ्यायचं पुसलं. संध्याकाळी मीनूले कुल्फी खाऊ घातली.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? असं तं सगळेच करतात. हव, करतात. मले माहीत आहे कोणकोण करते, अन् त्यायची नावं घेऊन मी माझं हलकं करणार नाही. पण एवढंच असतं तं मी आज बोललीच नसती. खरी गोष्ट पुढची आहे, अन् तिच्याभोवतीच मी इतका वेळ फिरून राहिली.

परीक्षेच्या आधी दान देणारे पाहुणे आले. आमच्या वर्गात सगळ्या टिकल्या हिरव्या. सरांची छाती फुगलेली. पाहुण्यांतल्या एका बाईनं यादीवर बोट ठेवलं ते नेमकं फुलेश्वरीवर. सरांनी आवाज सुरू केला. पूर्ण वर्गात मीनूचा आवाज घुमला — चिड़िया पेड़ पर बैठी है। स्वच्छ, एकही अडखळ नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या अन् विचारलं, कोण आहे फुलेश्वरी?

ती उभी राहिली. अर्धी वेणी सुटलेली. अन् तिनं अगदी साधं सांगितलं, "एहा मोर आवाज नोहे, मैडम." हा माझा आवाज नाही.

ती तक्रार करून राहिली नव्हती. तिले वाटलं चूक झाली, ती मॅडमले सांगावी. तिचा माझ्यावर इतका विश्वास होता.

मी हसली. खरंच हसली, मले ते हसणं अजून आठवते. तिच्या डोक्यावर हात ठेवला अन् पाहुण्यायले म्हटलं, शरमाती है, घर में सबसे छोटी है ना. त्या बाईनं म्हटलं, तो बेटा, अभी पढ़ के सुना दो. फुलेश्वरीनं लगेच बोट पुढं केलं, वाचायले तयार. अन् मी मधेच म्हटलं, मैडम, समोसे ठंडे हो रहे हैं. पाहुणे हसत निघून गेले. पोट्टीचं बोट तसंच राहिलं.

तरी संपलं नाही. पाहुणे गेल्यावर मी वर्गात परत आली अन् सगळ्या पोट्ट्यायसमोर तिले म्हटलं, मेहमानों के सामने झूठ नहीं बोलते. तिले झूठी म्हटलं. त्या खोलीत खरं बोलणारी ती एकटी होती, अन् मी तिले झूठी म्हटलं. ते हसणं, ते समोसे, सगळं एकवेळ घाबरून झालं असं म्हणता येईल. हे नाही. वर्गात तेव्हा आम्हीच होतो, भिण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी मी बोलली, कारण तिनं मले पकडलं होतं अन् मले तिचा राग आला होता.

त्या दिवसापासून फुलेश्वरी मोठ्यानं वाचली नाही. उभी केली की उभी राहायची, पुस्तक धरायची, अन् गप्प. शेवटच्या तासाची ती बैठकही बंद झाली — सगळे हिरवे झाले, मग कायले बसवायचं? मी एकदाही म्हटलं नाही की बसवू द्या. ती पास होऊन दुसऱ्या शाळेत गेली.

अन् माझं काय झालं? माझं फार छान झालं. मी आता दुसऱ्या शाळांतल्या शिक्षकायले शिकवायले जाते — तंत्रज्ञान वापरायचं तं लक्ष्य कसं ठरवायचं. शाल देतात, नारळ देतात. नमुना म्हणून मी तोच आवाज वाजवते. मजुराची पोट्टी, पाहा कशी वाचते. हॉलमध्ये दर वेळी टाळ्या वाजतात. मीनू भिलाईले इंजिनिअरिंगले आहे, तिचा आवाज बदलला. तो नाही बदलला.

या उन्हाळ्यात बीरगांवच्या औषधाच्या दुकानात एक तरुण पोरगी भेटली. मीच ओळखलं नाही, तिनं ओळखलं. फुलेश्वरी. आठवीत शाळा सोडली, आता लग्न ठरून राहिलं. दुकानदारानं गोळ्या देऊन पुडीवर कधी घ्यायच्या ते लिहून दिलं, तं तिनं पुडी त्याच्यापुढे परत धरली अन् म्हटलं, बोल के बता दो भैया. मोबाईल होता तिच्यापाशी. मेसेज बोलून पाठवते, आलेले मोबाईलच वाचून दाखवते. कोणी म्हणेल, मग चाललंय ना तिचं? चाललंय. माझ्यामुळे नाही चाललं.

निघताना ती म्हणाली, "आपकी बेटी कैसी है मैडम? बहुत अच्छा पढ़ती थी." मी म्हटलं, तू कधी ऐकलं तिले? तं ती म्हणाली, त्या वर्षी शाळेच्या वार्षिक उत्सवात तुम्ही मीनूले आणलं होतं, ती माईकवर बोलली, तेव्हाच टॅबलेटमधला आवाज ओळखला. तेव्हाच. इतकी वर्षं तिले माहीत होतं, अन् तिनं कोणाले सांगितलं नाही. सांगून काय होते, ते मी तिले शिकवलंच होतं.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी शोधला, नव्हता. मी म्हटलं, "हव." ती पुडी घेऊन ऑटोत बसून गेली.

तो आवाज मीनूचा होता, हे कबूल करणारं ते हव तिच्यासमोर झालं, दुकानात, गर्दीत. टाळ्या वाजवणाऱ्यांनी ते ऐकलं नाही, म्हणून इथं तुम्हाले सांगून राहिली. नोकरी जाईल म्हणाल तं जाऊ द्या. शाल परत मागाल तं घेऊन जा, कपाटात आहे. माफी मी तिले मागितली नाही अन् तुम्हालेही मागत नाही. ती मागितली की पुन्हा कोणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवेल.

फुलेश्वरीचं स्वतःचं वाचन आता कुठंच नाही. टॅबलेटमधून मी पुसलं अन् तिच्या तोंडातूनही मीच पुसलं. ते ऐकलेली मी एकटी उरली. चिरई रुख मा बइठे हे. बरोबर वाचलं होतं तिनं.