डोकी घडवणारी माय

१९५५ साल. मी तेवीस वर्षांचा होतो आणि मला पहिली पोरगी झाली होती. तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लिंबाएवढी मऊ गाठ होती. रडली की फुगायची. पण आधी माय कोण ते सांगतो.

माय म्हणजे आमच्या गावची दाई. आमगावच्या बाजारात कुणाचंही पोर पाहून ती सांगे, "हे आपल्या गावचं नव्हे." कारण आपल्या गावची डोकी तिच्या हातची. तेल लावून, शेकलेल्या तळव्यांनी ती बाळाचं डोकं गोल करायची. "मडका ओला हाय तोवरच," म्हणायची. चूक कबूल करणं तिला ठाऊक नव्हतं. मलाही नाही, म्हणून आमचं जमायचं.

बेंबी फुगली तर आमच्याकडे वर तांब्याचा पैसा ठेवून पट्टी बांधतात. मायने तसाच पैसा पोरीच्या गाठीवर बांधला. थोड्या वेळात पोरीने दूध ओकलं, डोळे फिरवले. मायने पट्टी ओरबाडून काढली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माहा हात चुकला. हे दाबाचं काम नाही. नागपूरले मोठ्या दवाखान्यात चाल."

मी म्हटलं, "डोक्याले सुरी लावू देणार नाही. मेली तर घरी मरंल."

"तुयं डोकं मीच घडवलं," माय म्हणाली. "वरून गोल झालं, अंदर गोटाच राह्यला. तू राह्य घरी."

आणि माझ्या बायकोला, पोरीला घेऊन ती टेशनाकडे चालू लागली. मीही गेलो, पण दुसऱ्या डब्यात बसलो.

नागपूरचे डॉक्टर म्हणाले, पोटातच कवटीचं हाड जुळायचं राहिलं आहे, त्या भोकातून मेंदूवरचं आवरण बाहेर आलं आहे. गाठ काढून भोकावर तिथलाच पडदा ओढून शिवावा लागेल. वाचेलच, असं ते म्हणाले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "हे दाबलं कुणी?"

माय म्हणाली, "म्या. मले मागून शिव्या द्या, आधी पोरीले पाहा."

पोरगी वाचली. आज तिला नातवंडं आहेत.

आम्ही परतलो तर गावात वेगळंच. माय पोरांची डोकी फोडायला नेते म्हणे! पाटलांची सून अवघडलेली होती, तिच्यासाठी दुसऱ्या गावची दाई ठरवली होती. माय एवढंच बोलली, "चुकल्या हाताले कोण बोलावंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोरीला घेऊन पाटलांच्या अंगणात गेलो. "काऊन आला रे?" त्यांनी विचारलं. मी तिचं टोपडं काढलं, टाक्यांची रेघ दाखवली, आणि त्यांचा माणूस मायला बोलवायला निघेपर्यंत तिथून हललो नाही.