खळ्यावरून गेलेली वायर

चुली वेगळ्या झाल्या तेव्हा बाबांनी माझ्या धाकट्या भावाकडे जेवायचं ठरवलं. ते मला आजही सलतं. माझ्या वाट्याला राहिली ती दिवेलागणीनंतरची त्यांची बैठक. तरुणपणी बाबा दशावतारात राजाचं काम करायचे. त्यांचे जुने फोटो मी स्कॅन करून माझ्या संगणकावर ठेवले होते. आमच्या दोन घरांमधलं खळं, म्हणजे अंगण, ओलांडून ते रोज यायचे, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि एकेका फोटोमागची हकीकत सांगायचे. कुठल्या जत्रेत मुकुट पडला, कुणाची मिशी सुटली. मला सगळं पाठ होतं, तरी मी "मगे काय झाला?" विचारायचो.

मग धाकट्याने पणजीहून नवा संगणक आणला, सपाट पडद्याचा. त्याच्याकडची प्रत्येक गोष्ट माझ्यापेक्षा वीतभर मोठीच असायची.

"दादा, मधी वायर टाकूया," तो म्हणाला. "तुझे फोटो माझ्या मशीनवर दिसतले. बाबांका खळा वलांडूक नको."

नेमकं तेच मला नको होतं. पण कारण काय देणार? बाबांचे गुडघे दुखतात हे मलाही दिसत होतं. वायर त्याच्या खिडकीतून निघाली आणि खळ्यातल्या माडाला वेढा घेऊन माझ्या खिडकीत शिरली.

आमच्याकडे विहीर खणा की होडी पाण्यात लोटा, देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कशालाच सुरुवात नाही. बाबांनी माझ्या संगणकापुढे नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! माझ्या दोनय झिलांची मशिनां आज एका वायरीन जोडतंव. हयचा थंय दिसांदे. काय चुकला-माकला आसात ता पदरात घे."

"व्हय म्हाराजा!" जमलेले सगळे ओरडले. गाऱ्हाण्याला नाही म्हणायची सोय नसते. बाबांनी माझ्या खोलीत येऊ नये, याला मीच देवासमोर होकार दिला.

जोडणी केली, तर धाकट्याच्या पडद्यावर काहीच दिसेना. मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या.

"राखणदाराचा नाव घेवक विसारलंय," बाबा म्हणाले, आणि जागेची राखण करणाऱ्या त्या देवाचं नाव घेऊन त्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. दोन संगणक थेट जोडायचे तर वायरीची टोकं वेगळ्या तऱ्हेने बसवावी लागतात, हे धाकट्याला बाजारात कळलं. तो ती नीट करून घेऊन आला आणि फोटो दिसले. श्रेय अर्थात राखणदाराला गेलं.

त्या संध्याकाळी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. खळ्यापलीकडून बाबांचा आवाज येत होता. जत्रेची गोष्ट चालली होती.

"मगे काय झाला, बाबा?" धाकट्याने विचारलं.

तो प्रश्न माझा होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी संगणक बंद करायला घेतला. पडद्यावर चौकट आली: या संगणकाला दुसरं कुणीतरी जोडलेलं आहे, तरीही बंद करायचा का?

दुसरं कुणीतरी म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. इथे मी बंद केलं की तिथला राजा गेला. देवापुढे मला कुणी विचारलं नव्हतं, इथे विचारत होते. मी 'नाही' दाबलं.

मग तोच फोटो माझ्याकडे उघडला आणि कान देऊन बसलो. तिकडे गोष्ट सरकली की मी इकडे पुढचा फोटो काढायचो. मुकुट पडला तेव्हा ते दोघं खो खो हसले. मीही हसलो, पण ते तिकडे ऐकू जाण्यासारखं नव्हतं.