शाल, नारळ आणि स्वतंत्र लेबल

'सोलापूरचं पहिलं स्वतंत्र म्युझिक लेबल' अशी पाटी मी आजवर चार ठिकाणी पाहिली आहे. चारही पहिलीच. त्यांतल्या एकीशी माझा संबंध आला, म्हणून हे लिहितो आहे.

ती पाटी एका फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. मालक पूर्वी मिरवणुकांना साउंड सिस्टिम भाड्याने द्यायचा. आवाजावर बंधनं आल्यावर त्याने भिंतीएवढे स्पीकर विकले, एका खोलीला आतून स्पंज चिकटवला आणि तो संगीतातला क्रांतिकारक झाला. मुंबईच्या कंपन्यांचा विषय निघाला की त्याला चेव यायचा. "आपण कुनाच्या दावणीला न्हाय, साहेब," हे वाक्य त्याने मला पहिल्या भेटीत तीन वेळा ऐकवलं. त्याच्या टी-शर्टवर छातीवर 'स्वतंत्र' आणि पाठीवर मोबाइल नंबर छापलेला होता.

मी चिंचोळी एमआयडीसीत गुणवत्ता तपासणीत आहे. सत्तावीस वर्षं सुटे भाग मोजतो आहे. माल चांगला आहे असं कोणी तीन वेळा सांगितलं की मी तो आधी मोजायला घेतो. त्या दिवशी घेतला नाही. कारण बरोबर माझी थोरली बहीण होती आणि तिचा चेहरा फार खूश होता.

आक्का अठ्ठावन्न वर्षांची आहे. चाळीस वर्षं तिने विड्या वळल्या. आमची आईही तेच करायची, दिवसाला हजार. आईवर आक्काने एक गाणं रचलं. शब्द तिचे, चालही तिचीच, पान कापताना कात्रीच्या तालावर बसलेली. विहारात कार्यक्रम असला की बायका ते तिला हटकून म्हणायला लावायच्या. अशी बारा गाणी तिच्या वहीत आहेत. तंबाखूच्या धुळीने तिची छाती भरते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की दम न लागता गाणं आणखी दोन-तीन वर्षं जमेल, पुढचं सांगता येत नाही. आक्कालाही ते कळलेलं होतं. तिची इच्छा एकच होती, की बाराही गाणी तिच्या आवाजात कुठंतरी राहावीत.

त्यांतलं पहिलं, आईवरचं गाणं या स्वतंत्र माणसाने रेकॉर्ड केलं. आक्का म्हणाली, "मागं कात्रीचा आवाज ऱ्हाऊ द्या." तो म्हणाला, "आक्का, कात्रीवर कोन नाचनार?" आणि त्याने ढोल घातला. आई विड्या वळते, मुलांना शाळेत घालते, स्वतः अंगठा लावते, आणि मागे ढोल. तरी गाणं चाललं. गल्लीत, रिक्षात, लग्नात वाजलं. पैशांबद्दल माझी तक्रार नाही. ते थोडे ठरले होते आणि वेळेवर मिळाले.

मग सत्कार झाला. आमच्याकडे कोणाचंही काहीही झालं की सत्कार होतो आणि त्याची एक पद्धत आहे. माणसाला फेटा बांधतात, खांद्यावर शाल टाकतात, हातात नारळ देतात. दोन्ही हात अडकलेले, फेटा कपाळावर घसरलेला, समोर कॅमेरा. अशा अवस्थेत या मालकाने आक्कासमोर कागद धरला. निवेदक माइकवर म्हणाला, "आणि आता ऐतिहासिक करार!" टाळ्या झाल्या. सत्कार चालू असताना कागद वाचायला मागणं म्हणजे पंगतीत वाढणाऱ्याला 'आमटी कालची तर नाही ना?' असं विचारण्यासारखं आहे. कोणी विचारत नाही. आक्काने नारळ काखेत धरून सही केली. साक्षीदार म्हणून मला वर बोलावलं. एक शाल मलाही मिळाली. मी सही केली. बोल्टाची पाकिटं उघडून प्रत्येक बोल्ट बघणारा मी, चार पानांच्या कागदावर न वाचता सही करून, फोटोसाठी हसलो.

सात महिन्यांनी मंद्रूपला भाचीच्या मुलाचं बारसं होतं. आक्काने पाळण्याजवळ तेच गाणं म्हटलं, ढोलाशिवाय. भाचीने मोबाइलवर घेतलं आणि स्वतःच्या चॅनलवर टाकलं. पाच दिवसांत ते उतरवलं गेलं. हक्काचा दावा आला होता आणि दावा करणाऱ्याचं नाव आमच्या क्रांतिकारकाचं नव्हतं. मुंबईच्या एका कंपनीचं होतं.

तेव्हा मी कागद काढला आणि दोनदा वाचला. त्या गाण्याचे शब्द, चाल आणि आवाज आक्काने कायमचे दिले होते, 'संपूर्ण जगात आणि यापुढे अस्तित्वात येणाऱ्या सर्व माध्यमांत'. हे एका गाण्याचं झालं. नववं कलम असं होतं, की तीन वर्षांत तिचं कोणतंही गाणं तिने कोठेही ध्वनिमुद्रित केलं, तर तेही त्याच अटींवर लेबलचं. तेराव्यात लेबलने हे सगळं पुढे कोणालाही द्यावं अशी मुभा होती. डॉक्टरांची मुदत दोन-तीन वर्षं, कागदाची तीन. एका वकिलाला दाखवलं. तो म्हणाला, "भांडता येईल, पण तीन वर्षं भांडण्यातच जातील."

आक्काला घेऊन मी त्या स्पंजच्या खोलीत गेलो.

"ही कंपनी कोण?" मी विचारलं.

"ते आपले पार्टनर हायती. वितरण बघत्यात. आपण स्वतंत्रच हाय की!"

"म्हंजे दावण हायच," आक्का म्हणाली, "फकस्त दोर मुंबईपत्तुर लांब हाय."

तो हसला. मग म्हणाला, एक फोन लावतो, दोन मिनिटांत मोकळं करतो. त्याने स्पीकरवर लावला. पलीकडे एका मुलीचा आवाज होता, वय फार तर पंचवीस. हा माणूस खुर्चीतून उठला. फोनवर बोलायला कोणी उठतं का? हा उठला. "मॅडम, एक छोटी रिक्वेस्ट होती, मॅडम." चार मिनिटांत तो अकरा वेळा मॅडम म्हणाला. मी मोजलं. मॅडमने सांगितलं की विनंती ईमेलने पाठवा, सात दिवसांत बघू, आणि शक्यतो होणार नाही. त्याने विचारलं, निदान नववं कलम माझ्याकडून सोडू का? ती म्हणाली, तसं करता येणार नाही, तुमचे सगळे करार आमच्याकडे जमा आहेत, पुढची दहा वर्षं. स्वतःच्या लेबलचं एक गाणं मोकळं करायचं म्हटलं तरी त्याला तिची परवानगी लागत होती. ढोल घालण्याएवढंच स्वातंत्र्य त्याच्याकडे होतं.

उरलेल्या तीन पाट्यांची लेबलंही त्यानंतर मी जवळून पाहिली. मुंबईला शिव्या घालणं म्हणजे स्वतंत्र असणं, अशी या लोकांची समजूत आहे. शिव्या फुकट असतात. मूळ रेकॉर्डिंग कोणाच्या ताब्यात आहे, आणि वरच्याला 'देत नाही' म्हणता येतं का, एवढं विचारलं की यांची मान खाली जाते. वरच्यासमोर वाकायचं आणि तो वाक खालच्याकडून वसूल करायचा, याला आमच्या भागात मुकादमी म्हणतात. विड्यांच्या कारखान्यातला मुकादम निदान टी-शर्टवर 'स्वतंत्र' छापून फिरत नसे.

फोन ठेवून तो पुन्हा बसला. चहा मागवला. "आक्का, तुमी मनाला लावून घेऊ नका. उरलेली अकरा बी आपल्याकडंच करू की. मोठ्या हॉलात सत्कार ठेवू."

"शाल हाय माझ्याकडं एक," आक्का म्हणाली. "तिचीच ऊब लई झाली."

"करार रद्द केला असं लिहून द्या," मी म्हणालो.

"माझ्या हातात असतं तर दिलं असतं, साहेब."

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खरं वाक्य.

घरी आल्यावर आक्काने मला नववं कलम पुन्हा वाचायला लावलं. मी वाचलं. "रेकॉर्ड केलं तर, असंच हाय न्हवं?" तिने विचारलं. मी म्हणालो, व्हय. "गायचं नाय, असं कुटं लिवलंय?" कुठेच नव्हतं. ते कलम लिहिणाऱ्याला नुसत्या गाण्याची किंमतच माहीत नव्हती.

आईच्या स्मृतिदिनी विहारात कार्यक्रम ठेवला. दारात मी टोपली घेऊन बसलो आणि प्रत्येकाचा मोबाइल काढून घेतला. एकसष्ट झाले. एका मावशीने "मी काय चोर हाय का?" म्हणून मला सगळ्यांदेखत झापलं. त्यांचं बरोबर होतं. चोर वेगळे होते आणि त्यांनी रीतसर कागद केला होता, पण ते दारात उभं राहून समजावता येत नव्हतं.

आक्का बाराही म्हणणार होती. सातव्या गाण्यात तिला खोकला आला, पाणी पिऊन परत सुरू केलं. नवव्यानंतर तिने हात हलवला आणि खाली बसली. उरलेली तीन झाली नाहीत. पाठीमागच्या बायका आठवं गाणं घरी जाताना गुणगुणत होत्या, त्यांतल्या दोघी चुकीचं म्हणत होत्या. कराराचे अजून एक वर्ष दहा महिने बाकी आहेत. गेल्या हिवाळ्यापासून आक्का बोलतानाही मध्ये थांबायला लागली आहे.

नवव्या गाण्याच्या चार ओळी माझ्या लक्षात राहिल्या आहेत. त्या इथे लिहाव्यात असं मनात होतं. ते गाणं रेकॉर्ड झालेलं नाही, म्हणून ते अजून तिचंच आहे. तरी मी कागद पुन्हा काढून वाचला, आणि ओळी लिहिल्या नाहीत.